चरबी खाणाऱ्यांचं हृदय, कंद खाणाऱ्यांचं हृदय

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. दहा महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. बीपी आहे, शुगरही थोडी वर असते. त्यानंतर ते गोळ्या वेळेवर घेत होते, आम्ही तेल-मीठ कमी केलं होतं, सगळं नीट चाललं होतं. पण गेले दोन महिने माझे धाकटे दीर त्यांना सारखे व्हिडिओ पाठवतात. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या मांस आणि चरबीच खात आले, त्यांना हृदयविकार ठाऊकच नाही. आफ्रिकेतले मसाई दूध-मांस-रक्तावर जगतात, त्यांचंही हृदय ठणठणीत. हे पाहून यांनी धान्य आणि फळं सोडली. आता मांस, अंडी आणि लोणी एवढंच खायचं म्हणतात. कोलेस्टेरॉलची गोळी आठवड्यापूर्वी बंद केली, बाकीच्याही हळूहळू सोडणार आहेत.

थोरल्या जाऊबाई उलटंच सांगतात. बोलिव्हियाच्या जंगलातल्या लोकांचं हृदय जगात सगळ्यांत निरोगी आहे आणि ते तर कंद आणि केळीच खातात, असं त्यांनी वाचलंय. दोन्हीकडचे लोक आदिवासी, खाणं एकमेकांच्या उलट आणि हृदय दोघांचंही चांगलं, हे कसं? खरं काय मानायचं? मी काही बोलायला गेले की "तुला त्यातलं काय कळतं" म्हणून गप्प करतात. रोज जेवताना वाद होतो.

– एक वाचक भगिनी

उत्तर

ताई,

आधी गोळ्यांचं बोलू. हे उत्तर बाजूला ठेवून आधी तेवढं केलंत तरी चालेल.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर तिच्यावर पूर्ण चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून झटक्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर देतात आणि त्यातली एक बहुतेकदा पुढेही चालू ठेवतात. तुमच्या यजमानांना अजून वर्ष झालेलं नाही. या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. कोलेस्टेरॉलची गोळीही केवळ रिपोर्टमधला आकडा खाली आणण्यासाठी नसते. धमन्यांत आधीच साचलेला थर फुटू नये, म्हणून ती दिलेली असते. उद्या सकाळी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा, आठवडाभर गोळी बंद होती हे स्पष्ट सांगा आणि ते म्हणतील तशी ती पुन्हा सुरू करा. खाण्याचा वाद कितीही दिवस चालला तरी चालेल, गोळ्या मात्र त्या वादाच्या बाहेर ठेवा.

आता तुमचा प्रश्न. तो अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. दोन उलट आहार आणि दोन्हीकडे चांगलं हृदय, हे जमतं कसं?

पहिली गोष्ट अशी, की इनुइटांबद्दल जे सांगितलं जातं ते तसं नाही. ही कथा १९७० च्या दशकात सुरू झाली. बँग आणि डायरबर्ग या दोन डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर जाऊन तिथल्या इनुइटांचं रक्त तपासलं. सील, व्हेल आणि मासे खाणाऱ्या या लोकांच्या रक्तात माशांतली ओमेगा-३ चरबी भरपूर होती आणि रक्त गोठायला वेळ लागत होता. ते काम मोलाचं होतं. माशाच्या तेलावरचं पुढचं सगळं संशोधन तिथूनच निघालं. पण इनुइटांची हृदयं या दोघांनी तपासली नव्हती. हृदयविकार कमी असल्याचा आधार होता सरकारी मृत्यूनोंदी. वस्त्या विखुरलेल्या, बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच नाही, मग मृत्यूचं कारण कोण लिहिणार? २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जुने सगळे पुरावे पुन्हा तपासले. इनुइटांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण इतरांइतकंच होतं आणि मेंदूच्या झटक्याने होणारे मृत्यू तर जास्त होते, असं त्यांना दिसलं.

याहूनही ठळक पुरावा पुराणकाळातल्या माणसांनी दिला आहे. २०१३ मध्ये संशोधकांनी १३७ ममींचे सीटी स्कॅन केल्याचं प्रसिद्ध झालं. त्या इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अलास्काजवळची अल्युशियन बेटं अशा चार ठिकाणच्या होत्या. ४७ जणांच्या धमन्यांत कॅल्शियमचे थर, म्हणजे धमन्या कडक होत गेल्याची खूण, असल्याचं दिसलं किंवा तशी दाट शक्यता होती. अल्युशियन बेटांवरचे लोक समुद्रातल्या शिकारीवर जगणारे. त्यांच्या पाच ममींपैकी तिघांच्या धमन्या अशा होत्या. पुढे ग्रीनलंडच्या सोळाव्या शतकातल्या चार तरुण इनुइट ममी तपासल्या, त्यांतही तिघांमध्ये हेच सापडलं. तेव्हा ना पॅकेटबंद खाणं होतं, ना सिगारेट. बंद घरात जळणाऱ्या चुलीचा आणि दिव्याचा धूर हे एक कारण असावं, असं संशोधकांना वाटतं. एवढं मात्र नक्की की सील आणि माशांच्या चरबीने धमन्यांना अभेद्य कवच मिळालेलं नव्हतं.

त्यातच २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. चरबी पचवण्याशी संबंधित जनुकांत ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये खास बदल झालेले आहेत. हजारो वर्षं त्याच आहारावर काढल्यावर त्यांचं शरीर त्याला जुळवून घेत गेलं. तुमच्या यजमानांच्या शरीराने तसं काही केलेलं नाही. शिवाय सील आणि माशाची चरबी वेगळी, लोण्यातली वेगळी. लोण्यातल्या चरबीचा मोठा भाग एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारा असतो.

मसाईंचं उदाहरण दिरांना विशेष आवडत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा. जॉर्ज मान या अमेरिकी संशोधकाने मसाईंवर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्यात हृदयविकाराची लक्षणं फारच कमी आढळली, हे खरं आहे. पण १९७२ मध्ये त्याने ५० मसाई पुरुषांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले. त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत थर साचलेला होता, म्हाताऱ्या अमेरिकी पुरुषांइतका. फरक इतकाच की त्यांच्या धमन्या वयाबरोबर रुंद होत गेल्या होत्या, त्यामुळे थर असूनही रक्ताला वाट मोकळी राहिली. गुरांमागे आयुष्यभर चालण्यामुळे हे होत असावं, असा त्याचा अंदाज होता. म्हणजे मसाईंना जे वाचवत होतं ते ताटात नव्हतं, पायांत होतं. व्हिडिओत दूध-रक्ताचं दिसतं, हे चालणं दिसत नाही.

जाऊबाईंनी वाचलेलं बहुतांशी खरं आहे. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांवरचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. चाळिशीपासून ९४ वर्षांपर्यंतच्या ७०५ जणांच्या हृदयाचे सीटी स्कॅन केले, तर ८५ टक्के लोकांच्या धमन्यांत कॅल्शियमचा मागमूस नव्हता. ऐंशी वर्षांच्या चिमाने माणसाच्या धमन्या अमेरिकेतल्या पंचावन्नच्या आसपासच्या माणसासारख्या होत्या. त्यांच्या जेवणात सुमारे ७२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. भात, केळी, कसावाचा कंद, मका. चरबीतून येते जेमतेम १४ टक्के. एलडीएल सरासरी ९१, म्हणजे कमीच.

पण हे "कंद खा आणि बरे व्हा" इतकं सोपंही नाही. चिमाने पुरुष दिवसाचे सहा-सात तास आणि बायका चार ते सहा तास शरीर हलवत असतात. शिकार, मासेमारी, शेती, लाकूडफाटा. धूम्रपान क्वचितच. आणि त्यांचं जगणं आपण हेवा करावा असंही नाही. जंतुसंसर्ग आणि जंत त्यांना आयुष्यभर छळतात. निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात दाह वाढल्याची खूण होती. त्यांची धमनी चांगली आहे म्हणून त्यांना दवाखाना नको, असा अर्थ कोणी काढला तर मला ते अन्यायाचं वाटतं.

मग या सगळ्यांत सारखं काय? चरबी खाणारे आणि कंद खाणारे यांच्यातला फरक व्हिडिओवाल्यांना मोठा वाटतो. मला त्यांच्यातलं साम्य जास्त महत्त्वाचं वाटतं. कोणाच्याच ताटात साखर, मैदा, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल आणि पाकिटातलं मीठ नव्हतं. अन्न मिळवायला अंग मोडून काम करावं लागत होतं. तंबाखू नव्हती किंवा थोडीच होती. आणि जमीन, पाणी, जंगल त्यांच्या हातात होतं.

यातलं मिठाचं एकटंच घ्या. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या जंगलात राहणारे यानोमामी मीठ जवळजवळ खातच नाहीत. १९८८ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्यांचं सरासरी बीपी ९६/६१ निघालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वय वाढलं तरी ते वाढत नाही. आपण म्हातारपणी बीपी वाढणारच असं धरून चालतो, ते तिथे घडत नाही. त्यांच्याच जवळ येक्वाना राहतात. त्यांच्याकडे विमानाची धावपट्टी आली, तिच्यासोबत मीठ आणि तयार खाणं आलं आणि त्यांचं बीपी वयाबरोबर चढू लागलं. जंगल तेच, हवा तीच. तुमच्या यजमानांना बीपी आहे, म्हणून सांगते. तुम्ही घरात मीठ कमी केलंत, ते कोणत्याही व्हिडिओतल्या सल्ल्यापेक्षा इनुइट आणि यानोमामींच्या जुन्या ताटाच्या जवळ जाणारं पाऊल होतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक छोटा सपाट चमचा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्यात बेकरीतलं, लोणच्यातलं आणि पाकिटातलं मीठही आलं.

आहार बदलला की शरीर किती लवकर बदलतं, हे दाखवणारे काही प्रयोग मला फार बोलके वाटतात. मेक्सिकोच्या डोंगरातले ताराहुमारा लोक मका आणि शेंगांच्या दाण्यांवर राहतात, मैलोन्‌मैल धावतात. त्यांच्यातल्या १३ जणांना पाच आठवडे चरबी आणि साखरेने भरलेला सुखवस्तू आहार दिला. कोलेस्टेरॉल १२१ वरून १५९ वर गेलं, वजन सरासरी पावणेचार किलोंनी वाढलं. पाच आठवड्यांत!

उलट दिशेचा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. केरिन ओ'डी या संशोधिकेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला किम्बर्ली भागातल्या दहा मधुमेही आदिवासींसोबत हा अभ्यास केला. शहराजवळच्या वस्तीत राहणारी ही माणसं सात आठवड्यांसाठी आपल्या पूर्वजांच्या मुलखात परत गेली आणि शिकार, मासे, कंद, मध असं मिळेल ते मिळवून खाऊ लागली. वजन सरासरी आठ किलोंनी उतरलं. उपाशीपोटीची साखर २१० च्या आसपास होती, ती १२० पर्यंत आली. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, एक तृतीयांशाहूनही खाली आले.

या प्रयोगातली एक गोष्ट तुमच्या यजमानांना मुद्दाम सांगा. त्या सात आठवड्यांत निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राण्यांपासून मिळत होती, पण चरबीचा वाटा होता फक्त १३ टक्के. रानातला प्राणी सडपातळ असतो. त्याच्या मांसात आणि पाळीव, भरवून वाढवलेल्या जनावराच्या मांसात खूप अंतर आहे. म्हणजे मांस खाऊनही ते बरे झाले, लोणी खाऊन नव्हे. आणि दिवसाचं खाणं होतं सुमारे १२०० कॅलरी, म्हणजे बरंच कमी. तुमच्या घरातला तंटा इथे सुटू शकतो. यजमानांना मासे, कातडं काढलेली कोंबडी, अंडी डॉक्टर सांगतील तेवढी, हे सगळं खाता येईल. लोणी आणि चरबीचे तुकडे जातील. धान्य, डाळी, भाज्या आणि फळं परत येतील. "मांस सोडा" असं त्यांना कोणी म्हणतच नाहीये, हे कळलं तर त्यांचा अर्धा विरोध मावळेल, असं मला वाटतं.

हवाई बेटांवरच्या वायनाए इथेही असंच झालं. टेरी शिंतानी या डॉक्टरांनी वजन खूप वाढलेल्या २० मूळ हवाईयन लोकांना २१ दिवस त्यांचा जुना आहार दिला. अळूचा कंद, रताळी, हिरव्या भाज्या, समुद्रशेवाळ, थोडे मासे आणि कोंबडी. भूक असेल तितकं खा, असं सांगितलं होतं. वजन जवळजवळ आठ किलोंनी उतरलं, कोलेस्टेरॉल १४ टक्क्यांनी कमी झालं. किम्बर्लीत मांसावर आणि इथे कंदावर, निकाल मात्र एकाच दिशेचा. तुमच्या कोड्याचं उत्तर मला यात सापडतं.

आणखी एक बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्यांच्या निरोगी हृदयाचे दाखले व्हिडिओत दिले जातात, त्यांच्या नातवंडांची हृदयं आज आजारी आहेत. ॲरिझोनातल्या पीमा लोकांची शेती गिला नदीवर चालायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाच्या वसाहतवाल्यांनी नदीचं पाणी वळवलं, शेतं सुकली आणि पुढे सरकारी शिध्यातलं पांढरं पीठ, साखर आणि चरबी यांवर घरं चालू लागली. आज जगातल्या सर्वांत जास्त मधुमेह असलेल्या समाजांत त्यांची गणना होते. त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात जुन्या पद्धतीने शेती करत राहिले. २००६ मधल्या अभ्यासात त्यांच्यात मधुमेह सुमारे ७ टक्के होता, ॲरिझोनात ३८. रक्त एकच, पाणी गेलं ते ॲरिझोनातलं. अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या हृदयावर १९८८ पासून एक दीर्घ अभ्यास सुरू आहे. पूर्वी त्यांच्यात कमी समजला जाणारा हृदयविकार आता इतरांपेक्षा वर गेल्याचं त्यात दिसलं आणि बहुतेक रुग्णांच्या मागे मधुमेह होता. सामोआने २००७ मध्ये परदेशातून येणाऱ्या टर्कीच्या चरबीदार शेपट्यांवर बंदी घातली होती. जागतिक व्यापार संघटनेत जायचं म्हणून ती उठवावी लागली. तेव्हा "त्यांनी आपलं जुनं खाणं का सोडलं" असं कोणी विचारलं, तर ते त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं, हे सांगायला हवं.

(हृदयाचा प्रत्येक आजार ताटातून येत नाही, हेही जाता जाता. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी मुलांमध्ये आणि न्यूझीलंडच्या माओरी मुलांमध्ये घसादुखीतून सुरू होणारा संधिवाती ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. त्याचं मूळ दाटीच्या घरांत आणि वेळेवर न मिळणाऱ्या उपचारांत आहे. तिथे कोणताही आहार उपयोगाचा नाही.)

आता घरातलं. यजमान "तुला काय कळतं" म्हणतात तेव्हा, ताई, ते बहुधा घाबरलेले असतात. झटका येऊन गेलेल्या माणसाला आपलं शरीर आपल्या हातात राहिलं नाही असं वाटतं. गोळ्या डॉक्टरांच्या, पथ्य बायकोचं, मग आपलं काय? व्हिडिओतला आहार हा त्यांनी स्वतः घेतलेला पहिला निर्णय आहे. म्हणून तो खोडून काढू नका, त्यांच्या हाती दुसरा निर्णय द्या. चालण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा. चिमान्यांसारखं सहा तास नाही, डॉक्टरांना विचारून सपाट रस्त्यावर थोडं, मग हळूहळू वाढवत. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला की लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. दिवसभर एका जागी बसून राहणं मोडणं हे सकाळच्या फेरीइतकंच महत्त्वाचं आहे. बीपीची नोंद त्यांनीच वहीत लिहावी.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि त्यांनी धान्य एकदम बंद केलं असेल, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. आहार कोणत्याही बाजूला बदलला, तरी गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं. ते डॉक्टर ठरवतील.

उद्याच्या फोनवरच भेटीची वेळ ठरवून घ्या. डॉक्टरांना विचारा, की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या कधीपर्यंत चालू ठेवायच्या, यांचं एलडीएल किती असायला हवं आणि कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा सुरू केल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घेऊ का. त्या भेटीला धाकट्या दिरांनाही बरोबर न्या. भावाला गमावण्याची भीती त्यांनाही असणारच. इनुइट आणि मसाईंबद्दलचे प्रश्न त्यांनी तिथे, सगळ्यांसमोर, डॉक्टरांनाच विचारू देत.